गेममधला पूल कुणी पाडायचा? स्क्रिप्टेड प्रसंग आणि प्लेअरचे क्षण बसवायचा नीट क्रम

छोट्या टीमचे, कॉलेज प्रोजेक्टचे, गेम जॅममधले (थोड्या वेळात गेम बनवायच्या स्पर्धांमधले) डेमो खेळताना एकच गोष्ट परत परत दिसते. पहिल्या दहा मिनिटांत कॅमेरा तीनदा हातातून काढून घेतला जातो, दार आपोआप बंद होतं, पूल आपोआप कोसळतो, कुणीतरी आपोआप मरतं, आणि या सगळ्याच्या मधे आपण फक्त चालत असतो. बनवणाऱ्याने मेहनत भरपूर घेतलेली असते, ॲनिमेशन पण चांगलं असतं, पण खेळून उठलेल्या माणसाला विचारलं की काय झालं, तर तो सांगतो "एक पुलाचा सीन होता". त्याने स्वतः काही केलं असं त्याला वाटलेलंच नसतं. दुसऱ्या टोकाचेही डेमो असतात, भलंमोठं मोकळं मैदान, सगळं ढकलता येतं, सगळं फोडता येतं, आणि अर्ध्या तासात सांगण्यासारखं काहीही घडत नाही.

दोन्हीकडे चूक क्रमाची असते. लोक आधी प्रसंग लिहितात आणि मग त्यात प्लेअरला कुठे उभा करायचा ते बघतात. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे, आधी प्लेअर काय करू शकतो, मग कुठला क्षण कुणाचा, मग मोकळे नियम, मग दोघांचे मिळून होणारे प्रसंग, आणि पूर्ण स्क्रिप्टेड, म्हणजे आधीच ठरवून लिहिलेले, सगळ्यात शेवटी. गेम बनवायला गोडो, युनिटी, अनरीअल, कुठलंही इंजिन वापरत असाल तरी चालेल.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. जंगलातला लाकडी झुलता पूल, प्लेअर पळत पलीकडे जातोय, मागे चार पहारेकरी लागलेत, आणि गोष्ट अशी आहे की यानंतर प्लेअरला परत अलीकडे येता कामा नये.

## आधी काय तयार हवं

पहिलं म्हणजे ठोकळ्यांची लेव्हल, टेक्स्चर नाही, झाडं नाहीत, नुसते करडे डबे, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत जाता येईल अशी. दुसरं, प्लेअरच्या हालचाली, ज्या खरंच चालतायत, कागदावर नाही. आणि एक साधी शीट, कॉम्प्युटरवर असो की वहीत.

कटसीनचं (प्लेअर फक्त बघतो अशा दृश्याचं) ॲनिमेशन, आवाजाचं रेकॉर्डिंग, त्या प्रसंगासाठीचं संगीत, यातलं काहीच अजून करू नका. एकदा आवाज रेकॉर्ड झाला की तो प्रसंग काढायला कुणाचा हात धजत नाही आणि मग आख्खी लेव्हल त्याच्याभोवती वाकवली जाते.

तपासा: तुमच्या टीमबाहेरचा माणूस ठोकळ्यांची लेव्हल एकटा पार करू शकतोय का? नसेल तर पुढे जाऊ नका, आधी वाट नीट करा.

## टप्पा 1: प्लेअरला काय काय करता येतं ते लिहा

फक्त क्रियापदं लिहायची. आपल्या उदाहरणात पळणं, उडी मारणं, कुऱ्हाड मारणं, वस्तू उचलून फेकणं, मशाल पेटवणं. प्रत्येकापुढे लिहा की जगातल्या कुठकुठल्या वस्तू त्याला प्रतिसाद देतात. इथेच बऱ्याच जणांची यादी उघडी पडते, कारण कुऱ्हाड फक्त शत्रूवर चालते, झाडावर मारली तर आवाज पण येत नाही, दोरावर मारली तर आरपार जाते. प्लेअर हे पहिल्या दोन मिनिटांत शिकतो, की इथे मारून बघण्यात अर्थ नाही, आणि मग तुम्ही पुलापाशी कितीही छान दोर टांगून ठेवा, त्याला तो तोडायचं सुचणारच नाही.

पोर्टल (2007) मधला आगीचा प्रसंग आठवा. प्लॅटफॉर्म तुम्हाला हळूहळू आगीकडे घेऊन चाललाय, ग्लॅडॉस (गेममधली खलनायक संगणक) गोड बोलतेय, आणि सुटायचं कसं हे कुणी सांगत नाही. तुम्ही भिंतीवर पोर्टल (दोन जागा जोडणारं भोक) मारून निसटता आणि आपण गेमला फसवलं असं वाटतं. खरं तर ती भिंत, तो कोन, तो वेळ, सगळं बनवणाऱ्यांनी ठेवलेलं आहे. पण हत्यार तेच, जे तुम्ही सुरुवातीपासून वापरताय, नवीन बटन नाही, स्क्रीनवर सूचना नाही. म्हणून तो क्षण आपला वाटतो.

नेहमीची चूक: एका प्रसंगापुरतं खास बटन. आख्ख्या गेममध्ये दोर तोडता येत नाही आणि पुलापाशी आल्यावर स्क्रीनवर "ई दाबा" येतं. प्लेअर दाबतो, पूल पडतो, पण त्याने ठरवलेलं काहीच नसतं, आज्ञा पाळलेली असते.

तपासा: प्रत्येक क्रियापदाला निदान दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तू प्रतिसाद देतायत का? एकच देत असेल तर दुसरी वाढवा नाहीतर ते क्रियापदच काढून टाका.

## टप्पा 2: क्षणांची शीट बनवा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळे उडी मारून पुढे जातात आणि नंतरचे बरेचसे घोळ इथूनच निघतात. शीटमध्ये चार रकाने करा.

1. या क्षणानंतर काय बदललेलं असलंच पाहिजे
2. शेवटचा धक्का कुणाचा, गेमचा की प्लेअरचा
3. प्लेअरने काहीच केलं नाही तर काय
4. प्लेअरने भलतंच केलं तर काय

पहिल्या रकान्यात लोक प्रसंग लिहून टाकतात, "पूल कोसळतो". हे चुकीचं. पूल कोसळणं हा एक मार्ग झाला. बदल काय हवाय, तर "परतीची वाट बंद" आणि "पहारेकरी मागे राहिले". असं लिहिलं की लगेच दिसतं, पूल जाळला तरी चालेल, दोर तोडले तरी चालेल, पलीकडचा दरवाजा लावून अडसर टाकला तरी चालेल. गोष्टीला फक्त वाट बंद व्हायला हवीय, ती कशी होते याच्याशी तिला देणंघेणं नाही. जी माणसं इथे दृश्य लिहितात ती पुढे त्या दृश्याला बांधली जातात, आणि जी बदल लिहितात त्यांच्याकडे प्लेअरला द्यायला जागा उरते.

दुसऱ्या रकान्यासाठी एक प्रश्न पुरतो. प्लेअर कंट्रोलर खाली ठेवून बसला असता तरी हे असंच घडलं असतं का? हो असेल तर तो क्षण गेमचा आहे.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण तो फार पसरलाय. प्लेअरचा क्षण म्हणजे अनेक शेवट, अनेक फांद्या, असं नाहीये. हाफ-लाइफ (1998) मध्ये प्रयोगशाळेतला अपघात प्रत्येकाच्या खेळात होतोच, तो टाळून पुढे जायची सोय नाही. पण तो नमुना ठेवलेला गाडा किरणात ढकलता तुम्ही. कुणी ढकलून दाखवत नाही, कटसीन नाही, तुम्ही उभे राहिलात तर गेम पण थांबतो. निकाल एकच, तरी हात तुमचा. छोट्या टीमला हे फार उपयोगाचं आहे, कारण दहा फांद्या बनवायला माणसं नसतात, पण एक गाडा ढकलायला देणं जमतं.

तिसरा आणि चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. "असं कोण करेल" हे उत्तर नाही, कुणीतरी करतंच.

## टप्पा 3: तीन ढीग करा

शीटमधला प्रत्येक क्षण तीनपैकी एका ढिगात टाका.

मोकळा: गेमने फक्त नियम ठेवलेत, काय घडेल ते ठरलेलं नाही.
सामाईक: परिस्थिती गेम उभी करतो, शेवटची कृती प्लेअरची.
बांधीव: सगळं ठरलेलं, प्लेअर बघतो किंवा आत फिरतो.

बांधीव ढिगात टाकायला मी दोनच कारणं मानतो. एक, अशी माहिती जी चुकली तर पुढचा गेम कळणारच नाही. दोन, जिथे प्लेअरची असहायता हाच विषय आहे. कॉल ऑफ ड्यूटी 4 (2007) मध्ये अणुस्फोटानंतर हेलिकॉप्टरच्या अवशेषातून सरपटत बाहेर येतो तो भाग पूर्ण ठरलेला आहे, वाचायचा मार्गच नाही, आणि तरी तो लोकांच्या लक्षात राहिला, कारण तिथेही हालचाल तुमच्या हातात ठेवलीय, तुम्ही दहा पावलं टाकता आणि ती काही कामाची नाहीत हे तुम्हाला स्वतःला कळतं.

"भारी दिसेल" हे बांधीव करायचं कारण नाही. आपला पूल मी सामाईक ढिगात टाकतो.

तपासा: बांधीव ढीग सगळ्यात मोठा झालाय का? तर परत टप्पा 2 वर जा, बहुतेक पहिल्या रकान्यात बदलांच्या जागी दृश्यं लिहिली असतील.

## टप्पा 4: मोकळे नियम आधी बांधा

आता कोड. पण एकही प्रसंग लिहायचा नाही, फक्त नियम. आग लाकडाला लागते. आग दोराला लागते. कुऱ्हाडीने दोर तुटतो. सगळे दोर तुटले की फळ्या खाली जातात. फळीवर खूप वजन आलं तर ती मोडते. पावसात मशाल विझते. बस, एवढ्यावर लेव्हल बरीच जिवंत होते.

नियम किती ठेवायचे याचा चांगला नमुना ब्रेथ ऑफ द वाइल्ड (2017) चा आहे. त्यांच्या टीमने 2017 च्या जीडीसीत (गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत) सांगितलं होतं की त्यांची केमिस्ट्रीची व्यवस्था तीन वाक्यांवर चालते: आग, पाणी, वीज यांसारखी तत्त्वं वस्तूंची अवस्था बदलतात, तत्त्वं एकमेकांची अवस्था बदलतात, आणि वस्तू एकमेकींची अवस्था बदलू शकत नाहीत. शेवटचं वाक्य नीट बघा, ते बंधन आहे. त्यामुळे प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूशी कशी वागेल याचा तक्ता करावा लागत नाही, लाकूड आणि लोखंड दोघांना फक्त आगीशी काय करायचं ते माहीत असलं की झालं. आणि हे त्यांनी आधी जुन्या झेल्डासारख्या साध्या 2डी प्रोटोटाइपमध्ये (कच्च्या नमुन्यात) खेळून बघितलं. एवढी मोठी कंपनी आधी चौकोनी ठोकळ्यांत नियम तपासते, तर आपण थेट 3डी मॉडेल घेऊन का बसायचं?

नेहमीची चूक: नियम जागेनुसार बदलतो. हा पूल जळतो, पुढचा लाकडीच पूल जळत नाही कारण तिथे गोष्टीला पूल लागतो. प्लेअरने एकदा असं पकडलं की त्याचा सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडतो. पुढचा पूल टिकायलाच हवा असेल तर तो दगडी करा. कोडमध्ये अपवाद घालण्यापेक्षा वस्तूच वेगळी दाखवा.

आणखी एक: शत्रूंना नियम लागू न करणं. आग फक्त प्लेअरला भाजते आणि पहारेकरी त्यातून मजेत चालत येतात. फार क्राय 2 (2008) मध्ये सुकं गवत पेटतं, आग पसरते, आणि ती शत्रूलाही गाठते आणि उलटून तुमच्यावरही येते, म्हणून तिथे आग लावायचा निर्णय हा निर्णय वाटतो.

तपासा: सगळे ट्रिगर (प्लेअर आत आला की प्रसंग सुरू करणारे अदृश्य डबे) बंद करून पंधरा मिनिटं खेळा. सांगण्यासारखं काही घडलं का? पहारेकरी चुकून स्वतःच्याच मशालीने पुलासकट खाली गेले असं काही? काहीच घडलं नाही तर नवे नियम वाढवायच्या आधी असलेले नियम एकमेकांना भेटतायत का ते बघा, आग आहे आणि लाकूड आहे पण दोन्ही लेव्हलच्या दोन टोकांना असतील तर काय होणार.

## टप्पा 5: सामाईक प्रसंग, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

क्रम असा ठेवा.

5.1 आधी दाखवा, गरज नसताना. पूल यायच्या बऱ्याच आधी कुठेतरी दोराला टांगलेली एक पेटी ठेवा. दोर तोडला की पेटी पडते, आत काहीतरी मिळतं. प्लेअरला कळलं की दोर तुटतात. पाठलाग चालू असताना नवीन गोष्ट शिकवायची नाही, माणूस घाबरलेला असताना काही शिकत नाही.

5.2 दाब आणा. प्लेअर पुलाच्या मध्यावर आला की पहारेकरी सोडा. इथे ट्रिगर लागतो, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

5.3 कॅमेरा घेऊ नका. पहारेकरी आले हे दाखवायला कॅमेरा मागे फिरवायचा मोह होतो. त्याऐवजी आवाज करा, ओरडा, पुलाचं हलणं वाढवा, प्लेअर स्वतः वळून बघेल. नाही बघितलं तरी बिघडत नाही, पाठीवर बाण लागला की बघेल.

5.4 गेमने वाट बघायची. हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण हात इथेच शिवशिवतात, की तीन सेकंद झाले, प्लेअरने काही केलं नाही, चला आपणच पाडू. नका पाडू. पहारेकरी पूल ओलांडायला किती वेळ घेतात तो प्लेअरचा वेळ.

5.5 कृती ऐकू नका, निकाल ऐका. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. "कुऱ्हाड या दोराला लागली" यावर पुढचा प्रसंग जोडला तर ज्याने पूल जाळला त्याचा गेम अडकतो. पुलाची स्वतःची अवस्था ठेवा, उभा, जळतोय, पडला, आणि "पडला" झालं की पुढचं सुरू करा. कुऱ्हाड, मशाल, वजन, पहारेकऱ्याचा चुकलेला वार, कशानेही पडू दे, गोष्टीला फरक पडत नाही. उद्या कुणी तुम्हाला न सुचलेल्या मार्गाने पाडला तर तो पण चालेल.

5.6 नाहीच केलं तर. पहारेकरी पोचतात, मारामारी होते. प्लेअर जिंकला तर? वाट अजून उघडी आहे. मग अलीकडून आणखी माणसं येताना दिसू दे, आणि त्यांनाही तो परतवून लावत राहिला तर शेवटी पलीकडच्या दरवाजातून आत गेल्यावर दरवाजा लागतो, हा तुमचा शेवटचा उपाय. तो तयार ठेवाच, पण सगळ्यांना तोच मिळत असेल तर 5.1 कच्चं राहिलंय.

5.7 लवकर केलं तर. कुणीतरी पाठलाग सुरू व्हायच्या आधीच, पलीकडे जाऊन, सहज म्हणून पूल तोडेल. हे बग समजून अडवू नका, बक्षीस द्या. मेटल गिअर सॉलिड 3 (2004) मध्ये द एंड नावाचा म्हातारा स्नायपर आहे, त्याच्याशी पुढे लांबलचक लढत होते. पण त्याच्या आधी एका धक्क्यावर तो व्हीलचेअरवर दिसतो, कटसीन संपल्यावर पटकन लांबून नेम धरला तर तिथेच मारता येतो आणि मोठी लढत होतच नाही. एक आख्खी लढत काही जणांकडून चुकेल हे मान्य करून त्यांनी ती वाट उघडी ठेवली. आपल्या पुलाला एवढं पण लागत नाही, पहारेकरी अलीकडच्या काठावर येऊन हताश उभे राहिले आणि शिव्या घातल्या, काम झालं.

### ट्रिगर लावताना

गोडोत एरिया नोड, युनिटीत ट्रिगर कोलायडर, अनरीअलमध्ये ट्रिगर व्हॉल्युम, नाव वेगळं, घोळ तेच.

- आत आलेला प्लेअरच आहे का ते तपासा. नाहीतर फेकलेला दगड आत आला तरी पहारेकरी सुटतात.
- एकदा चालला की फ्लॅग ("हे झालंय" अशी कोडमधली खूण) लावा, प्लेअर मागेपुढे नाचला की आठ पहारेकरी नकोत.
- डबा उंच करा, उडी मारून वरून जाता येता कामा नये, आणि जाड करा, नाहीतर वेगात एका फ्रेममध्ये आरपार जाईल.
- उलट दिशेने आला तर चालायला हवा का? ठरवा.
- ट्रिगरच्या आत सेव्ह केलं आणि परत लोड केलं तर? फ्लॅग सेव्हमध्ये जातोय का, पुलाची अवस्था जातेय का? पडलेला पूल लोड केल्यावर परत उभा, हा बग मला सगळ्यात जास्त वेळा दिसलाय.
- ज्याने संवाद बोलायचाय तो एनपीसी (गेम चालवतो ते पात्र) आधीच मेला असेल तर?

शत्रू येत राहण्याला अदृश्य रेषेला बांधू नका. कॉल ऑफ ड्यूटीच्या जुन्या भागांत पुढची रेषा ओलांडेपर्यंत शत्रू संपतच नाहीत अशा जागा होत्या, आणि सावकाश, नीट नेम धरून खेळणाऱ्या माणसाला त्यात शिक्षाच व्हायची. ठरावीक संख्या सोडा. मारली तर मारली. वर 5.6 मधली आणखी माणसं पण मोजकीच.

तपासा: शीटमधला तिसरा आणि चौथा रकाना आता गेममध्ये करून बघा, प्रत्येक ओळ.

## टप्पा 6: आता बांधीव प्रसंग

इथपर्यंत आलात तर हे थोडेच उरलेले असतील, त्यामुळे पटकन सांगतो. हालचाल काढून घेणं गरजेचंच आहे का ते आधी बघा, चालता येऊ देऊन समोर प्रसंग घडवता येतो. सगळे कटसीन स्किप करता येतील असे ठेवा, विशेषतः कठीण लढाईच्या आधीचे, कारण मेल्यावर तोच संवाद सहाव्यांदा ऐकवणं हा छळ आहे. हातात कुऱ्हाड होती तर कटसीनमध्ये पण कुऱ्हाडच दिसू दे, कटसीन संपल्यावर प्लेअर तोंड फिरवून भलत्या दिशेला उभा नको.

आणि प्लेअरने जिंकलेली लढाई कटसीनमध्ये हरवू नका. एकही जखम न होता चौघांना लोळवलं आणि लगेच पुढच्या सीनमध्ये त्यातलाच एक येऊन आपल्याला पकडतो, हे इतक्या गेममध्ये होतं की लोकांना नियमच वाटायला लागलाय. पकडलं जायलाच हवं असेल तर लढाई नका देऊ, जाळं टाका, दार बंद करा, काहीही, पण जिंकू देऊन परत घेऊ नका.

माहिती द्यायचीय एवढंच असेल तर कटसीनशिवाय जागा शोधा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेल्या राजी (2020) मध्ये पुराणातल्या कथा भिंतींवरच्या चित्रांतून येतात, चालता चालता बघायच्या. असं केलं की ज्याला रस आहे तो थांबतो आणि बाकीच्यांचा हात धरून ठेवावा लागत नाही.

## टप्पा 7: अंतर आणि दखल

प्रसंग एकामागोमाग ठासून भरले की सामाईक क्षणसुद्धा बांधीव वाटायला लागतात, कारण प्लेअरला स्वतःचं काही करायला श्वासच मिळत नाही. लेफ्ट 4 डेड (2008) मधला एआय डायरेक्टर (शत्रू कधी सोडायचे ते ठरवणारा कोड) प्रत्येक खेळाडूवर किती ताण आलाय ते मोजतो, ताण शिगेला पोचला की तो 3 ते 5 सेकंद तसाच टिकवतो आणि मग मुद्दाम माघार घेतो, साधारण 30 ते 45 सेकंद फारसे शत्रू येऊच देत नाही, किंवा टीम बरीच पुढे सरकेपर्यंत. तुम्हाला एवढी यंत्रणा नको, पण पूल पडल्यावर निदान अर्धा मिनिट काहीही सुरू करू नका. त्या वेळात प्लेअर काठावर जाऊन खाली बघतो, पलीकडे उरलेल्याला दगड मारतो, हेच त्याचे क्षण.

दखल म्हणजे जगाने ते लक्षात ठेवलंय हे कळणं. ड्यूस एक्स (2000) मध्ये तुम्ही ऑफिसात बायकांच्या स्वच्छतागृहात शिरलात तर नंतर साहेब त्यावरून सुनावतात. एक वाक्य, एक फ्लॅग, खर्च जवळपास शून्य, आणि प्लेअरला कळतं की इथे कुणीतरी बघतंय. हाफ-लाइफ 2 (2004) च्या स्टेशनवरचा शिपाई डबा खाली पाडून उचलायला लावतो, तुम्ही कचऱ्यात टाकला तर जाऊ देतो, त्याच्या अंगावर फेकला तर दंडुका घेऊन धावतो, गोष्ट दोन्हीकडे तीच राहते. आपल्या गेममध्ये पुढच्या गावातला माणूस "पूल कुणी जाळला म्हणे" किंवा "पुलाचे दोर कापले म्हणे" एवढं बोलला तरी पुरे. दोन वाक्यं लिहायची, पुलाच्या अवस्थेसोबत "कशाने पडला" हे पण साठवायचं.

चूक: दखल लगेच आणि ढोल बडवून देणं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत "याचे परिणाम होतील" असं येतं आणि परिणाम काहीच होत नाही. त्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं.

## टप्पा 8: खेळवून बघा, आणि तोंड बंद ठेवा

तीन वेगळ्या स्वभावाची माणसं शोधा. एक जो सांगितलं तसं खेळतो, एक जो मुद्दाम उलटा जातो, आणि एक जो फारसे गेम खेळत नाही. मागे उभे राहून "तिकडे दोर बघ ना" असं म्हणायचं नाही, एक शब्द बोललात तर ती टेस्ट वाया. स्क्रीन रेकॉर्ड करा, कुठे थांबला, कुठे कंट्रोलर खाली ठेवला, कुठे पुढे वाकून बसला ते लिहा.

संपल्यावर एकच सांगा, "पुलापाशी काय झालं ते सांग". आवडलं का, किती गुण देशील, असलं काही विचारू नका, ओळखीची माणसं छानच म्हणतात. सांगताना तो स्वतःला त्यात ठेवतोय का ते ऐका. "मी मागे बघितलं, ते चौघं होते, म्हटलं जाळूया" असं आलं तर सामाईक प्रसंग जमला. "मग पूल पडतो आणि आपण पुढे जातो" असं आलं तर त्याच्यासाठी तो बांधीवच होता, तुमच्या शीटमध्ये काहीही लिहिलेलं असो. तिघांनीही वेगवेगळं सांगितलं तर फारच उत्तम.

नंतर दुरुस्ती करताना क्रम उलटा करू नका. कुणाला दोर दिसला नाही म्हणून लगेच बाण, चमक, स्क्रीनवरची सूचना लावायला जाऊ नका. आधी 5.1 बघा, पेटीचा दोर त्याने तोडला होता का? नसेल तर पेटी वाटेवर आणा. तोडला होता तरी पुलाचा दोर कळला नाही? मग दोन्ही दोरांचं मॉडेल आणि रंग एकच करा. तरी नाही? पहारेकऱ्यांचा वेग कमी करा, विचार करायला वेळ मिळत नसेल. सूचना सगळ्यात शेवटी, आणि ती पण फक्त त्याच माणसाला, जो दोनदा त्याच जागी मेलाय.

बदल केल्यावर तीच तीन माणसं परत बोलावून उपयोग नाही, त्यांना पूल माहीत झालाय. नवीन तीन शोधा आणि सेव्ह-लोडची तपासणी पण पुन्हा पहिल्यापासून करा, कारण पेटी हलवली की तिचा फ्लॅग पण हलतो.